बराखीतला टॅग आणि गावाबाहेरचा टॉवर

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसचा टोलनाका ओलांडताना काचेवरचा फास्टॅग गाडीची ओळख सांगतो. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्यांच्याच जोरावर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आलेल्या लहरी कमीजास्त परतवून आपला क्रमांक कळवते. पुढे तो क्रमांक बँकेपर्यंत नेण्याचे काम रीडरचे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या टोल मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि दौंड तालुक्यातून रोज जाणाऱ्या हजारो लोकांच्या खिशाशी बॅटरी नसलेले रेडिओयंत्र जोडले गेले.

हीच युक्ती नाक्यावरून उचलून गोठ्यात, कांद्याच्या बराखीत आणि उसाच्या फडात नेता येईल का? मोबाईल नेटवर्कचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेत ‘अँबियंट आयओटी’ या नावाने गेली काही वर्षे याच प्रश्नावर काम चालले आहे. बॅटरी नसलेली यंत्रे मोबाईल नेटवर्कला जोडायची, आणि जिथे टॉवरचा हात पोचत नाही तिथे मधे एक रिले नोड ठेवायचा, अशी ती कल्पना. तिच्यावर दोन माणसे भांडतात, ते इथे मांडले आहे. माणसे कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र शिरूर आणि दौंडच्या कुठल्याही वस्तीवर निघतील असे आहेत.

मामा दौंडला रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. भीमेच्या काठाला थोडा ऊस, थोडा कांदा, चार गाई. भाची शिरूरची, वायरलेस यंत्रांची इंजिनिअर. विषय काढला तिने, आणि पहिला आक्षेप अर्थातच मामांचा.

“गावाबाहेर टॉवर आहे. माझा फोन शेतात चालतो. मग तुझा टॅग सरळ टॉवरशी का बोलत नाही?”

“फोनला बॅटरी आहे, मामा. टॅगला टॉवरच्या लहरींवरच जगायचं आहे, आणि त्या इतक्या लांब पोचेपर्यंत काही उरतच नाही.”

तिने वहीवर आकडे मांडले. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्यात प्रसारकाची शक्ती १ वॅट आणि अँटेनाने एकवटल्यावर ४ वॅट, ही मर्यादा. एवढ्या शक्तीच्या रीडरपासून १० मीटरवर, मधे आडकाठी नसेल तर, टॅगच्या वाट्याला ५० मायक्रोवॅटच्या आसपास येते. चिपला जागे व्हायला १० मायक्रोवॅट किंवा त्याहून कमी पुरते, म्हणजे काम भागले. आता मोबाईल टॉवर घेऊ. त्याच्या अँटेनाने एका दिशेला एकवटलेली शक्ती तब्बल १००० वॅट धरली, तरी एक किलोमीटरवर, मोकळ्या आकाशातसुद्धा, टॅगला फार तर एखादा मायक्रोवॅट मिळतो. आणि ही फक्त जायची वाट. परतवलेल्या लहरींना तेवढेच अंतर पुन्हा कापायचे असते. अंतर दुप्पट झाले की परतणारी शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते.

हा सोळावा हिस्सा ऐकून मामा थोडे थांबले. रुळाच्या कडेने जाणाऱ्या केबलवर ठरावीक अंतराने रिपीटर का बसवावे लागत, हे त्यांनी नोकरीभर पाहिले होते.

“म्हणजे तू माझ्या शेतात एक छोटा टॉवर आणणार. त्याला वीज लागणार, सिम लागणार, रिचार्ज लागणार. मग बॅटरी गेली कुठे? टॅगमधून निघाली आणि खांबावर चढली.”

हा आक्षेप या तंत्रज्ञानाच्या मुळावरच बोट ठेवतो. बॅटरीविना यंत्रांची जाहिरात करणारे बहुतेक वेळा टॅगची किंमत सांगतात आणि रिलेचा विषय मागे ठेवतात. प्रत्यक्षात खर्च, देखभाल आणि जबाबदारी सगळी रिलेत असते. टॅग फक्त परावर्तन करतो. त्याला लहरी पुरवायच्या, त्याचे क्षीण उत्तर आपल्याच मोठ्या आवाजातून वेगळे काढायचे, ते साठवायचे आणि मोबाईल नेटवर्कला समजेल अशा भाषेत पुढे पाठवायचे, हे सारे रिलेने करायचे.

भाचीने आक्षेप मान्य केला, पण अर्धाच. “बॅटरी चढली खरी, पण पन्नास टॅगांची मिळून एक चढली. आणि हिशेब करा. रिले वाचताना ५ वॅट खातो असं धरा. दर तासाला पाच सेकंदच वाचायचं. दिवसभरात ६०० ज्यूल, म्हणजे एका वॅट-तासाचा सहावा भाग. निरोप पाठवायला आणि सबंध दिवस झोपून राहायला आणखी थोडी वीज धरली, तरी वहीएवढं सोलर पॅनल पावसाळ्यातही तारून नेईल.”

“पॅनल तारून नेईल, पण चोर नेईल त्याचं काय? आमच्याकडे रिले रूम होती, तिला कुलूप होतं. बॅटरीत पाणी किती राहिलं ते बघायला माणूस होता आणि त्याचं नाव रजिस्टरला होतं. तुझ्या खांबाशेजारी कोण बसणार?”

याला तिच्याकडे लगेच उत्तर नव्हते. पुरवठादारांच्या माहितीपत्रकातही ते नसते.

मामी तोवर गाईंची धार काढून आल्या. त्यांना लहरी-बिहरींत रस नव्हता. त्यांनी बराखीकडे बोट दाखवले. “टॅग कुठं लावणार? वरच्या कांद्याला? सडतो तो मधला.”

शिरूर, आंबेगाव, जुन्नरकडे कांदा बराखीत ठेवतात. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना बांबू किंवा जाळी, वर पत्रा किंवा कौले, आणि वारा आरपार खेळावा म्हणून रुंदी बेताची. उन्हाळी कांदा इथे चार-पाच महिने भावाची वाट बघत पडून असतो. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली तर तो टिकतो. आर्द्रता वाढली की काजळी आणि सड, फारच कमी झाली की वजनात घट. एका कोपऱ्यात पाणी गळाले आणि आठ दिवस कुणाच्या लक्षात आले नाही, तर वासावरूनच कळते. तोवर शेजारचे थर गेलेले असतात.

मामींच्या प्रश्नात या सगळ्या योजनेची भौतिक अडचण होती. कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि या लहरी पाण्यात मरतात. ढिगाच्या पोटात पुरलेला टॅग बाहेरच्या रिलेला ऐकूच येणार नाही. १० मीटरचा हिशेब मोकळ्या हवेचा. कांद्याच्या थरात तो हातभर अंतरालाच संपतो.

“मग टॅग जाळीला आतून लावायचे,” भाची म्हणाली, “दर दोन मीटरवर एक, खाली, मधे आणि वर. पोटातलं तापमान कळणार नाही, पण ढिगातून बाहेर पडणाऱ्या हवेचं कळेल. एका कोपऱ्याची हवा बाकीच्यांपेक्षा दमट आणि गरम झाली, तर तिथला कांदा आधी उपसायचा. आणि अगदी मधे हवंच असेल तर पोकळ बांबूतून अँटेनाची तार बाहेर काढायची.”

मामींना बांबू पटला. मामांना जाळी पटली, पण त्यांनी लगेच उसाचा विषय काढला. बारा फूट उंच, हिरवागार, पाण्याने भरलेला फड. तिथे जमिनीत पुरलेला ओलाव्याचा टॅग कुणाला ऐकू येणार?

इथे मामांचे म्हणणे बरोबर आहे. उभ्या उसात बॅटरीविना टॅगची आशा आज धरू नये. शेजारच्या बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्यासोबत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. त्यात मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे एकत्र वापरतात. फडात एक-दोन ठिकाणी स्वतःची वीज असलेले केंद्र, हीच उसाला साजेशी रचना. सगळीकडे टॅग चिकटवत सुटण्यात शहाणपण नाही.

पण उसाचा विषय निघाला की दौंड-शिरूरमध्ये रात्रीच्या पाण्याचा निघतोच. शेतीची वीज पाळीपाळीने येते आणि पाळी पुष्कळदा रात्रीची असते. शिरूरच्या बेट भागात, पिंपरखेड आणि जांबुत परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. अंधारात मोटार चालू करायला किंवा सरी भरली का ते बघायला जाणे हे तिथे जिवावरचे काम आहे. म्हणूनच मोबाईल स्टार्टर या भागात इतका रुजला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने फोनवरून पंप चालू-बंद करायची सोय दिली आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळवले. आज तसल्या पेट्या अनेक कंपन्या विकतात.

भाचीने नेमका हाच धागा पकडला. “मामा, तुमच्या विहिरीवर पेटी आहे. तिच्यात सिम आहे, वीज आहे, कुलूप आहे, आणि ती बिघडली तर त्याच दिवशी तुम्ही मिस्त्रीला बोलावता. त्याच पेटीत रिलेचं कार्ड बसवलं तर? नवा खांब नको, नवं सिम नको, वेगळा राखणदार नको.”

“पेटी लोखंडी आहे.”

“अँटेना बाहेर.”

“वीज आठ तास.”

“उरलेल्या वेळेला छोटी बॅटरी. कांद्याची हवा मिनिटामिनिटाला बघायची नसते, तासाला एकदा बस्स.”

“आणि बराख विहिरीपासून दोनशे मीटरवर आहे.”

यावर भाची हसली नाही, वहीकडे वळली. दोनशे मीटरवर टॅग बोलणार नाही हे तिलाही ठाऊक होते. तिथे दोन टप्पे लागतील: बराखीच्या आढ्याला एक छोटा रीडर आणि विहिरीवरच्या पेटीत मोबाईलची जोडणी. टप्पा वाढला की बिघाडाची एक जागा वाढली, हे मामांनी नोकरीत शिकलेले होते आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले.

दुसरा पर्याय या भागाला अधिक जवळचा वाटतो. थ्रीजीपीपीच्या मांडणीत मधला नोड म्हणजे खांबच असावा असे नाही, एखाद्याचा फोनही ते काम करू शकतो. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर दूध गोळा करणारा माणूस सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवरून येतो. त्याच्या कॅनशेजारी रीडर असला, तर गोठ्यातले आणि बराखीतले टॅग दिवसातून दोनदा आपोआप वाचले जातील आणि निरोप त्याच्या फोनवरून पुढे जाईल. सडीची चाहूल लागायला दिवसातून दोन वेळा पुरेशा आहेत. गाईंचेही तसेच. आज जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. त्यात चिप नाही, तो डोळ्यांनी वाचावा लागतो, आणि शेणामातीने माखला की कान धरून पुसावा लागतो. हे काम मामी करतात, त्यामुळे गोठ्याच्या दारात आपोआप वाचणारा टॅग ही एकच गोष्ट त्यांनी लगेच मागितली.

मामांची खरी भीती मात्र तांत्रिक नव्हती. ती त्यांनी शेवटी बोलून दाखवली.

“माझ्या बराखीत किती कांदा शिल्लक आहे आणि तो किती दिवस टिकेल, हे त्या दूधवाल्याच्या फोनमधून कुणाकुणाला कळणार? व्यापाऱ्याला कळलं की ह्याचा कांदा दमट झालाय, आता हा थांबू शकत नाही, तर भाव कोण पाडील?”

या प्रश्नाला हलके उत्तर नाही. काही मायक्रोवॅटवर जगणाऱ्या चिपमध्ये भक्कम कुलूपबंदीला फार जागा नसते. साधा टॅग विचारेल त्याला उत्तर देतो. त्यामुळे विश्वास ठेवायचा तो रिलेवर आणि त्याच्या मालकावर. भाचीचे म्हणणे असे की टॅगने फक्त क्रमांक आणि आकडा सांगावा. तो क्रमांक कुणाच्या बराखीतल्या कुठल्या कोपऱ्याचा, ही यादी शेतकऱ्याच्याच फोनमध्ये राहावी. दूधवाल्याने नेलेला निरोप बंद पाकिटासारखा असावा. हे करता येते. पण ते आपोआप होत नाही, मागावे लागते, आणि विकत घेण्याआधी मागावे लागते.

महाराष्ट्रात याचा एक धडा आधीच आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात सहकारी साखर कारखान्याच्या गावांमध्ये संगणक केंद्रे उभारली गेली. उसाची नोंद, वजन, देणे-घेणे गावातच कळावे हा उद्देश चांगला होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले तेव्हा केंद्रांचा वापर मुख्यतः याच ऊसनोंदींपुरता उरला होता आणि यंत्रांची देखभाल जड जात होती. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाईल आणि एसएमएस ठेवून पाहिले. काम तेच झाले, खर्च उतरला. भाचीला यात हलक्या यंत्राचा विजय दिसतो. मामांना दिसते ते वेगळे: वारण्यात नोंद टिकली, कारण ती सहकारी कारखान्याची होती आणि शेतकरी त्या कारखान्याचा सभासद होता. यंत्र बदलले तरी मालकी बदलली नाही. या मुद्द्यावर कौल मामांच्या बाजूने द्यावा लागतो.

फास्टॅगकडे परत पाहिले तर तिथेही यंत्राभोवतीची व्यवस्थाच महत्त्वाची ठरली. टॅग कुठल्याही बँकेचा असो, तो देशातल्या कुठल्याही नाक्यावर चालतो, कारण टॅग आणि रीडर यांच्यातली भाषा एकच ठरवली गेली. शेतातल्या टॅगांना अशी एक भाषा अजून मिळालेली नाही. आज एका कंपनीचा बॅटरीविना टॅग दुसऱ्या कंपनीच्या रिलेशी बोलेलच असे नाही, आणि कंपनी बंद पडली तर जाळीला चिकटवलेले टॅग नुसते प्लास्टिक ठरतात. थ्रीजीपीपीच्या १९ व्या आवृत्तीत पहिले नियम आले ते बंदिस्त जागांसाठी, म्हणजे गोदामे आणि कारखाने, आणि टॅगने बेस स्टेशनशी थेट बोलायचे अशा रचनेसाठी. मधल्या नोडचा अभ्यास झाला, पण पहिल्या नियमांत तो बसला नाही. हे कळल्यावर मामांना आनंद झाला, भाचीला वाईट वाटले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाला या नियमांचा लाभ आधी होईल, तिथून काही कोसांवरच्या बराखीला नंतर.

जाता जाता खोडदचा उल्लेख करायला हवा. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ जीएमआरटी ही ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक अँटेना ४५ मीटर व्यासाची, आणि ती सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकते. रिलेचा पट्टा याच मर्यादेत येतो. एका बराखीत तासाला पाच सेकंद बोलणारा १ वॅटचा रिले किरकोळ वाटेल, पण तिकडे शेकडो बसवणाऱ्याने दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांना आधी विचारले पाहिजे.

तर मग करायचे काय? भाची पन्नास टॅगांची मागणी नोंदवायला निघाली होती, मामांनी दहावर आणले. ऊस वगळला. रिले बसेल तो दूध संकलन केंद्रावर, जिथे वीज आहे, माणूस आहे आणि दूध संस्थेच्या सभेत जाब विचारता येतो. बराखीतले आणि गोठ्यातले टॅग वाचायला दुसरा फिरता, दूधवाल्याच्या गाडीवर. यादी मामांच्या फोनमध्ये. देखभाल कुणी करायची ते संस्थेच्या इतिवृत्तात नावानिशी लिहायचे, ही मामांची अट, आणि ती रेल्वेच्या रजिस्टरातून आली आहे.

हा प्रयोग एका घराने करून भागणार नाही. कांदा आणि लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगरला आहे, कृषी विज्ञान केंद्रे नारायणगाव आणि बारामतीला आहेत. शिरूर आणि दौंडमधल्या खऱ्या बराखींमध्ये त्यांनी एक पूर्ण हंगाम, उन्हाळी कांदा भरल्यापासून विकेपर्यंत, हे टॅग आणि रिले लावून पाहावेत. किती टॅग ऐकू आले, किती रिले बंद पडले, दुरुस्तीला कोण आले, किती कांदा वाचला, हे आकडे मराठीत छापावेत. आणि तोवर कुणी दारात येऊन बॅटरी न लागणारे यंत्र विकू लागला, तर शेतकऱ्याने त्याला टॅगची किंमत विचारू नये. रिले कुणाचा, तो बंद पडला तर येणार कोण, आणि माझा आकडा कुणाकडे जाणार, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत.